घोणस कुठं बसली होती?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. परभणीतल्या एका ओळखीच्या सर्पमित्राबरोबर जिंतूरकडे निघालो होतो. त्याच्याजवळच्या बरणीत एक घोणस होती, चांगली मनगटाएवढी जाड. आदल्या दिवशी ती माझ्या आजोळच्या गावात, मामाच्या घराला लागून असलेल्या आवारात सापडली होती. वन खात्याला कळवून तो तिला डोंगराकडच्या रानात सोडणार होता आणि मी कॅमेरा घेऊन सोबत. (सॉफ्टवेअरवाल्याच्या सुट्ट्या अशाच जातात. घरचे फराळ करत असतात, आपण उन्हात पोटावर आडवे.)

त्याने बरणी आडवी केली. घोणस बाहेर आली, दोन हात सरकली आणि एका काळ्या खडकाला टेकून वेटोळं करून बसली. मग तो फुत्कार. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी वाफ सुटत राहते ना, तसा. ऊन कललेलं, पाठीवरच्या बदामी ठिपक्यांच्या तीन साखळ्या एकदम उठून दिसत होत्या. लांबून, मॅक्रो लेन्सने चाळीसेक फोटो काढले. त्यातला एक असा आला की पुढे वर्षभर तो माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर वॉलपेपर होता.

संध्याकाळी मामाला दाखवला. मामाने चष्मा कपाळावर चढवून फोटो जवळ धरला, दूर धरला.

"भारी काढलास रे. पण ही बसली कुठं होती?"

"खडकावर, मामा."

"आपल्या शिवारात खडक कुठला आला?"

मग मी जिंतूरची कथा सांगितली. मामाने मान हलवली. "तिथं सोडली ते कळलं. मी विचारायलोय, धरली तवा कुठं होती? पऱ्हाट्यांत, का गोठ्यात, का न्हाणीपाशी? तुझी मामी रोज दिवेलागणीला त्या ढिगातूनच पऱ्हाट्या ओढती."

मला सांगता आलं नाही. कारण मी विचारलंच नव्हतं. माझ्याकडे घोणशीच्या प्रत्येक खवल्याचा हिशोब होता, आणि ती कुठं होती एवढंच नव्हतं. सर्पमित्राला फोन लावला तर त्याने त्या दिवशी चार साप धरले होते, त्यालाही नक्की आठवेना.

हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. सापाचं चित्र म्हटलं की साप आपल्या जागेवरून उचललेलाच का असतो? खडकावर, वाळूवर, पांढऱ्या कागदावर, हातात, आकड्यावर. ही सवय मला लागली कुठून? पुण्याला परतल्यावर काही शनिवार-रविवार यातच गेले. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी नावाच्या संकेतस्थळावर सापांवरची जुनी पुस्तकं पानन् पान चाळायला मिळतात, फुकट. तिथून जे हाती लागलं ते हे असं.

सुरुवात पॅट्रिक रसेलपासून करावी लागते. हा स्कॉटिश डॉक्टर. आधी बरीच वर्षं सीरियातल्या अलेप्पोत होता. १७८०च्या दशकात भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला होता म्हणून इकडे आला आणि १७८५ साली कंपनीचा निसर्गतज्ज्ञ झाला. त्याला नेमलं होतं मुख्यतः झाडपाल्यासाठी. पण त्याचं लक्ष गेलं सर्पदंशाकडे. लोक मरतात, आणि विषारी कोणता, बिनविषारी कोणता यावर कुणाचं एकमत नाही. मग त्याने साप गोळा केले, कोंबड्या-कुत्र्यांना दंश करवून विष तपासलं (वाचवत नाही, पण त्या काळात दुसरी रीत नव्हती), चित्रं काढवून घेतली आणि १७९६ साली लंडनमध्ये कंपनीच्या खर्चाने मोठा ग्रंथ निघाला. म्हणजे भारतातल्या सापांचं पहिलं मोठं चित्रमय पुस्तक हौसेखातर झालेलं नाही. माणसाला साप ओळखता यावा, यासाठीच ते झालं. इंग्रजीत घोणशीला आजही रसेलचंच नाव आहे.

त्याची एक गोष्ट मला फार आवडली. त्याने प्रत्येक सापाचं तिथल्या लोकांच्या तोंडचं नाव विचारून लिहून ठेवलं. घोणशीपुढे 'कटुक रेकुल पोडा' असं तेलुगू नाव आहे. मण्यारीच्या कुळाचं आजचं शास्त्रीय नाव 'बंगारस', तेही तेलुगूतल्या 'बंगारू'वरून, म्हणजे सोनं. पट्टेरी मण्यार पिवळीधमक असते म्हणून. थोडक्यात, ज्या माणसाने पहिल्यांदा आपले साप कागदावर आणले त्याने निदान नाव तरी जागेवरचं घेतलं. जागा मात्र चित्रात आली नाही. साप पांढऱ्या पानावर नक्षीसारखा वेटोळलेला. मागे ना गवत, ना बांध, ना भिंत. ती छापील चित्रं सुंदर आहेत यात वादच नाही, पण तो साप कुठे भेटेल हे त्यावरून कळत नाही.

पुढचा मोठा माणूस जोसेफ फेअरर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातला सर्जन. १८७२ सालचा त्याचा विषारी सापांवरचा ग्रंथ उघडला तर टेबल पुरणार नाही एवढा थोरला. त्यातली रंगीत चित्रं कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या देशी चित्रकारांनी काढली आहेत आणि ती आजच्या कुठल्याही डिजिटल फोटोच्या तोंडात मारतील अशी आहेत. नागाच्या फण्यावरच्या एकेका खवल्याची चमक दिसते. फेअररने सरकारी खात्यांकडून १८६९ सालातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचे आकडेही मागवले. बंगाल, वायव्य प्रांत, पंजाब, मध्य प्रांत वगैरे भागांतून मिळून ११,४१६. मुंबई आणि मद्रास इलाखे त्यात नव्हतेच. आमचा परभणी जिल्हा तर निजामाच्या राज्यात, त्याचा प्रश्नच नाही.

एवढे आकडे बघून सरकारने काय केलं? मेलेल्या सापामागे बक्षीस लावलं. कोकणात रत्नागिरीकडे फुरशांवर तर त्याही आधीपासून बक्षीस होतं आणि लोकांनी ती लाखांच्या हिशोबात मारून आणली. फुरशी संपली नाहीत हे आज कोकणात कुणालाही विचारा. असो. पण त्यामुळे एक झालं. सापाशी सरकारचा संबंध मेलेल्या सापाचा राहिला, आणि शास्त्राचाही.

हे शास्त्राचं मला आधी खरं वाटलं नव्हतं. मग फ्रँक वॉल वाचला. हाही डॉक्टर, लष्करी सेवेतला, जन्म सिलोनचा. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात १९०५पासून १९१९पर्यंत त्याने भारतातल्या सामान्य सापांवर एक लांबलचक लेखमाला चालवली, रंगीत चित्रांसकट. हा माणूस सापांचा खरा वेडा. कोणत्या सापाच्या पोटात काय सापडलं, किती पिल्लं होती, सगळं लिहून ठेवणारा. त्याने विषारी साप ओळखायची जी किल्ली लोकप्रिय केली तीच पुढे आपल्या कॉलेजांत शिकवली गेली. माझी मोठी बहीण बीएस्सीला झूलॉजीची, तिला ती अजून पाठ आहे. वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्याला आणि नाकपुडीच्या खवल्याला दोन्हीकडे टेकला, तर नाग किंवा पोवळा साप. पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षटकोनी, आणि खालच्या ओठाचा चौथा खवला सगळ्यात मोठा, तर मण्यार. डोक्यावर बारीक बारीक खवले, तर घोणस-फुरशाचं कुळ.

किल्ली अचूक आहे. शंभर वर्षांनंतरही चालते. फक्त ती लावायला साप हातात पाहिजे आणि तो हललेला चालत नाही. खालच्या ओठाचा चौथा खवला मोजू देणारा जिवंत साप मला अजून भेटायचाय! बहिणीच्या कॉलेजात साप होते ते काचेच्या बरण्यांत, फॉर्मलीनमध्ये. सगळ्यांचा रंग शेवटी एकच, उकडलेल्या भुईमुगासारखा. त्या बरणीतली मण्यार ओळखून प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली माझी बहीण गावी आली की कवड्या बघूनसुद्धा 'मण्यार, मण्यार' म्हणून ओरडते. दोष तिचा नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १८५०-६०च्या काळातली ओल्या काचेची प्लेट उजेडात काही सेकंद धरावी लागायची. साप काही सेकंद फोटोसाठी थांबत नाही. त्यामुळे त्या शतकातल्या फोटोंमध्ये साप दिसतो तो बहुधा गारुड्यापुढे. टोपली, पुंगी, मुंडासं आणि फणा काढलेला नाग, तोही दात काढलेला. अशा फोटोंची पोस्टकार्डं विलायतेत भरपूर खपली आणि 'हिंदुस्थान म्हणजे गारुडी' हे समीकरण तिथूनच घट्ट झालं. गंमत म्हणजे निजामाच्या पदरी तेव्हा लाला दीनदयाळ होते, त्या काळातल्या जगातल्या उत्तम छायाचित्रकारांपैकी एक. १८८०च्या दशकात ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाच्या शिकारी, मारलेले वाघ, महाल, वेरूळ, दौलताबाद, सगळं त्यांनी टिपलं. त्याच राज्यात, पूर्णेच्या काठी काळ्या रानात ज्वारी-कापूस करणारा माणूस कशाने मरतो, हे टिपायला कुणी कशाला येईल? वाघ मारला की फोटो. पान लागून माणूस गेला की त्याची राख.

'पान लागणं' हा शब्द पुण्यातल्या वाचकांना कदाचित नवा असेल. साप चावला असं आमच्याकडे पूर्वी म्हणत नसत, पान लागलं म्हणायचे. सापाचं नावही रात्री घ्यायचं नाही. लांबडं, जनावर, काहीही म्हणा. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर न्यायचे आणि लिंबाचा पाला चावायला द्यायचे. कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं. माझ्या आजोबांचा एक सालगडी असाच पारावर गेला. आईला तो आठवतो. पहाटे पोटात कळ आली म्हणाला, अंगावर जखम कुठे दिसेना, उजाडेपर्यंत पापण्या उघडेनात. आज ही लक्षणं कुणीही डॉक्टर एका वाक्यात सांगेल, मण्यार. रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, न दुखता. पण तेव्हा घरात कुणालाच कळलं नाही की कोणतं जनावर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून गोठ्यातली एक धामण मारली.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट जरा वेगाने सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहीत आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांवर आणि विषावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलं. १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७६ला सापाच्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांचं खिशात मावणारं पुस्तक आलं. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, आणि १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. महाराष्ट्रातल्या सर्पमित्रांच्या अख्ख्या पिढीला तिथून स्फूर्ती मिळाली. सापाला न मारता धरून सोडायचं, ही कल्पनाच तोपर्यंत गावोगाव नव्हती. त्याबद्दल कितीही आभार मानले तरी कमीच. पण या काळातले फोटो आठवून बघा. साप आणि माणूस. माणसाच्या गळ्यात, हातात, आकड्यावर साप. गारुड्याची जागा चांगल्या माणसाने घेतली, चौकट तीच राहिली.

आणि मग २००४. व्हिटेकर आणि पुण्याचे अशोक कॅप्टन यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया : द फील्ड गाइड'. मी ते पहिल्या पगारातून घेतलं होतं. एका बाजूला जिवंत सापांचे स्वच्छ, रंगीत फोटो, दुसऱ्या बाजूला वॉलच्या परंपरेतला खवल्यांचा हिशोब, आणि तो खवलाही फोटोत दिसेल असा. म्हणजे मोजण्यासाठी साप मारायची गरज नाही. माझ्या मते दोनशे वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल आहे. आमच्यासारख्या किती जणांनी ते पुस्तक बघून कॅमेरे घेतले, मोजदाद नाही. त्याआधी फिल्मचा जमाना होता. छत्तीस फोटोंचा रोल, स्लाइड धुवायला मोठ्या शहरात पाठवायची, आणि परत आल्यावर कळायचं की सापाचं शेपूट तेवढं फोकसमध्ये आहे. डिजिटल आलं आणि चुका फुकट झाल्या.

चुकांबरोबर खोटेपणाही फुकट झाला, हे जरा कडू आहे पण लिहितो. साप वळवळत असेल तर त्याच्यावर टोपी किंवा टोपलं झाकायचं, शांत झाला की उचलायचं आणि वेटोळं टिपायचं. काही महाभाग त्याला थंड जागी ठेवून सुस्त करतात, तेही मी ऐकलंय. पावसाळ्यात आंबोलीला जा, एका चापड्याभोवती आठ-दहा जण फ्लॅश घेऊन बसलेले दिसतील, आणि कुणीतरी 'फांदी जरा वळव' म्हणत असतो. मी स्वतः तिथे त्या घोळक्यात बसलोय, त्यामुळे साळसूदपणा करत नाही. माझी जिंतूरची घोणस तरी वेगळी काय? ज्या खडकावर ती कधी बसली नसती, तिथे ती बसलेली मी टिपली आणि खाली लिहिलं, 'घोणस, जिल्हा परभणी'. जिल्हा खरा होता, एवढंच.

(सोडण्याबद्दलही मला आता शंका आहेत. कर्नाटकात अगुंब्याला नागराजांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाला. लांब नेऊन सोडलेला साप नव्या जागी गोंधळून फार भटकतो असं त्यात दिसलं. घोणशीचं काय होतं ते तिलाच माहीत. पण चाळीस किलोमीटर नेऊन सोडण्यापेक्षा गावाच्याच ओढ्याकाठी सोडावं, असं आमचा सर्पमित्रही हल्ली म्हणतो.)

परभणीला सापांचे फोटो काढायला कुणी येत नाही. का यावं? सह्याद्रीसारखे हिरवे, निळे, दुर्मीळ साप इथे नाहीत. गोदावरी, पूर्णा, दुधना, काळी माती, कापूस, सोयाबीन, तूर. उत्तरेला जिंतूरचे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटाच्या टेकड्या, मधे सपाट. साप सगळे साधे. धामण, दिवड, कवड्या, तस्कर, मांडूळ, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पण बघा, शेवटचे चार म्हणजे तेच चार, ज्यांच्या विषापासून आपल्याकडची सर्पदंशाची लस बनते. म्हणजे फोटोवाल्याच्या लेखी रिकामा असलेला जिल्हा डॉक्टरच्या लेखी भरलेला आहे.

मामाच्या प्रश्नानंतर मी एक ठरवलं. आजोळी गेलो की साप जिथे दिसेल तिथेच, जसा दिसेल तसा, लांबून टिपायचा. हात नाही, आकडा नाही, फांदी बाजूला सारणं नाही. निघून गेला तर गेला. याचा परिणाम म्हणजे माझे गेल्या दोन वर्षांतले फोटो कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. एकात कडब्याच्या गंजीतून बाहेर आलेलं धामणीचं चार बोटं शेपूट. एकात जायकवाडीच्या कालव्याच्या चारीत दिवडाचं डोकं, ते पण मी सांगितलं तर दिसतं. एक मामाच्या न्हाणीच्या मोरीचा, त्यात ओल्या विटेच्या फटीत तस्कर आहे. रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात काढलेली एक मण्यार आहे, जुन्या मातीच्या भिंतीच्या पायाशी, उंदराच्या बिळाबाहेर. ती फोटोत काळ्या दोरीसारखी दिसते आणि पांढरे पट्टे हललेले आलेत.

ऑफिसात हे फोटो दाखवले तर लोक दोन मिनिटांत चहाला गेले. मामाने मात्र मण्यारीच्या फोटोपुढे बराच वेळ घालवला. साप बघून झाल्यावर तो भिंत बघत होता. "ही तर आपल्या कणगीमागची बाजू," म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात त्याने तिथली बिळं बुजवून घेतली, धान्य हलवलं आणि त्या खोलीत खाली अंथरूण टाकणं बंद केलं. लॅपटॉपवरच्या घोणशीने वर्षभरात असं काहीच केलं नव्हतं.

कवड्याचंही तसंच. कवड्या बिनविषारी, पाली खातो, भिंतीवर चढतो, आणि मण्यारीसारखा दिसतो म्हणून मरतो. पुस्तकात फरक दिलेला असतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे मानेपासून जरा मागे सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर लहान मूलही सांगेल. पण ते शेजारी कधी नसतात. मी मामेभावाला पलंगामागच्या भिंतीवर चढणाऱ्या कवड्याचा फोटो आणि पायाशी असलेल्या मण्यारीचा फोटो दिला, दोन्ही त्याच घरातले. तेव्हापासून त्याचे 'हा कोणता?' असे मेसेज साप जिवंत असताना येतात. आधी मेल्यावर यायचे.

आता एक गैरसमज होऊ नये म्हणून. दंश झाल्यावर फोटो काढत बसू नका. सापाच्या मागे तर मुळीच जाऊ नका. पूर्वी लोक मेलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचे, हल्ली मोबाईल नाचवतात. पण आपल्याकडची लस एकच आहे, चारही विषांवर चालणारी, आणि डॉक्टर लक्षणं बघून आणि काचेच्या नळीत वीस मिनिटांत रक्त गोठतं का ते बघून ठरवतात. फोटोने फार तर मदत होते, त्यापायी गेलेली वीस मिनिटं परत येत नाहीत. सापाचा फोटो दंशाच्या आधी कामाला येतो. नंतर कामाची फक्त गाडी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक सगळी खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात. फेअररच्या ११,४१६नंतर दीडशे वर्षांनी. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. बघू.

जागेवरच्या फोटोने शास्त्रालाही काय मिळू शकतं याचा एक किस्सा सांगतो. २०२०च्या टाळेबंदीत हिमाचल प्रदेशातल्या चंबा भागातल्या एका विद्यार्थ्याने घराच्या आसपास दिसलेल्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. संशोधक झीशान मिर्झा यांच्या तो नजरेस पडला, त्यांना शंका आली, आणि २०२१ साली चुराह खोऱ्यातला तो कुकरी साप विज्ञानाला नवीन जात म्हणून जाहीर झाला. घरामागचा साप! परभणीत नवीन जात सापडेल असं माझं म्हणणं नाही. पण आमच्या घरामागेही कुणी नीट बघितलेलं नाही, एवढं खरं.

ती घोणस नेमकी कुठं बसली होती हे मला अजून कळलेलं नाही. मामाने पऱ्हाट्यांचा ढीग घरापासून शंभर पावलांवर बांधाला हलवला. मामी कुरकुरली, कारण आता सरपणाला लांब जावं लागतं. पण जाते, काठी आपटत, आणि दिवस असतानाच.

गेल्या जानेवारीत मामाने मला एक फोटो पाठवला. थंडीचे दिवस, घोणशींचा जोडीदार शोधत फिरण्याचा मोसम. फोटोत नुसता तो ढीग. सकाळचं ऊन, वाळलेल्या पऱ्हाट्या, एक फाटलेलं पोतं. खाली लिहिलं होतं, "बघ सापडती का."

मी स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. फोटो मोठा करून वरपासून खालपर्यंत दोनदा बघितला, काही नाही. तिसऱ्यांदा पोत्याच्या कडेला, सावलीत, एक बदामी ठिपका दिसला. मग त्याच्या शेजारी दुसरा.